पारवे आणि राघू राखायला मोटरवरचं यंत्र: कुठलं घ्यावं, घरी करता येईल का?

काळंरान_चिकोडी

नमस्कार मंडळी. चिकोडी तालुक्यात काळ्या रानात साडेतीन एकर आहे. दीड एकरात मालदांडी शाळू (रब्बी ज्वारी), आता गुडघ्याला आलाय. एक एकर हरभरा या आठवड्यात कुरीनं पेरायचा आहे आणि उरलेल्या एकरात सूर्यफूल. बांधालगत पडकी विहीर आहे, तिच्या कपारीत पारव्यांची वस्ती. पेरलेल्या रानात सकाळ-संध्याकाळ थवेच्या थवे उतरायलेत. पुढं शाळू चिकात आला की राघू, चिमण्या आहेतच. माळ्यावर बसून राखण करायला गडी मिळत नाही.

परदेशातले व्हिडिओ बघितले. त्यात 12 व्होल्टची मोटर जमिनीत रोवलेल्या खुंट्यावर बसवतात, वर दोन लांब दांड्या आणि दांड्यांच्या टोकाला प्लास्टिकची कबूतरं. मोटर सुरू केली की ती गरागरा फिरतात. दुसऱ्या एका प्रकारात एकच कबूतर असतं आणि त्याचे पंख मोटरवर फडफडतात. ऑनलाइन मागवता येतात, पण महाग आहेत. या दोन्हींपैकी कुठलं घ्यावं? एक यंत्र किती रानाला पुरतं? बॅटरी कुठली लागते? आणि हेच इथं वर्कशॉपमध्ये करून घेता येईल का?

राखणदार_अथणी

दादा, यातलं एकही मागवू नका. ही यंत्रं पाखरं बोलवायला केलेली आहेत.

इंग्लंडमध्ये रानकबूतरं मोहरीच्या जातीच्या तेलबियांवर आणि गव्हावर पडतात. तिथले शेतकरी आणि बंदूकवाले परवानगीच्या चौकटीत त्यांची शिकार करतात आणि त्यासाठी ही फसवी कबूतरं मांडतात. कबूतर थव्यानं चरणारं पाखरू. खाली चार सोबती उतरताना दिसले की वरून जाणारा थवा वळतो. तिथल्या रानकबूतराच्या पंखावर पांढरा पट्टा असतो. पंख उघडझाप करताना तो लांबून चमकतो आणि ‘इथं दाणा आहे, बाकीचे उतरायलेत’ अशी खूण वरच्यांना मिळते. दांड्यांवर फिरणारी आणि पंख फडफडवणारी यंत्रं तीच खूण दाखवतात. तुमच्या हरभऱ्यात असलं यंत्र लावलं तर विहिरीतले पारवे येतीलच, शेजारच्या गावचेही वळतील.

मोटर, बॅटरी, फिरती दांडी ही कल्पना मात्र घेण्यासारखी आहे. त्या दांडीवर कबूतर लावायचं नाही, बाकी सांगाडा उपयोगी पडतो.

आता तुमचं रान. तुम्हाला तीन वेगळे धोके आहेत आणि तिन्हींना एकच यंत्र चालणार नाही.

पारवा आणि होला जमिनीवरून टिपतात. ताटावर, कणसावर बसून खाणं त्यांना जमत नाही. म्हणून त्यांचा त्रास पेरणीपासून उगवण पूर्ण होईपर्यंत आणि पुन्हा काढणीनंतर खळ्यावर. हरभऱ्याची डाळ उगवताना मातीतच राहते, त्यामुळे कोंब वर आला आणि दोन पानं फुटली की पारवा फारसा लागत नाही. सोयाबीनचं तसं नसतं. त्याची डाळ वर उचलली जाते आणि पारवे तीच टोचून नेतात, म्हणून जूनमध्ये राखण जास्त दिवस करावी लागते. तुम्हाला हरभऱ्यात दहा-बारा दिवस सांभाळायचं आहे. तेवढ्यासाठी महागडं यंत्र घेऊ नका.

राघू कणसावर आणि सूर्यफुलाच्या फुलावर बसतो, खातो त्यापेक्षा जास्त पाडतो. शाळूचा दाणा चिकात भरल्यापासून कडक होईपर्यंत साधारण महिनाभर त्याचा उपद्रव. सूर्यफुलात दाणा भरायला लागला की सुरू होतो तो काढणीपर्यंत. चिमण्या, सुगरणी, मुनिया चिकातला दाणा पिळून खातात, मोठ्या दाण्याकडं त्या कमी जातात.

मोटरवरच्या यंत्रांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला थाळी बडवणारा, म्हणजे आवाजाचा. दुसरा फिरत्या दांडीचा, टोकाला ससाण्याची आकृती किंवा चमकणारी पट्टी. तिसरा भोंग्याचा, ज्यात पाखरांच्या घाबरल्या ओरडण्याची ध्वनिफीत वाजते. शाळूला आणि सूर्यफुलाला पहिला आणि दुसरा मिळून लावा. हरभऱ्याला फक्त दुसरा, तोही जमिनीपासून दोन-तीन फुटांवर, कारण पारवा खाली उतरतो. भोंगा चांगला चालतो, पण ज्या जातीचं पाखरू आहे त्याच जातीचं ओरडणं हवं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच ध्वनिफितींत परदेशी पाखरांचे आवाज असतात. त्यानं पहिले काही दिवस पाखरं दचकतात, मग ऐकूनही चरत राहतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाखरं शिकतात. एकाच जागी, एकाच लयीत चालणारं कुठलंही यंत्र आठवड्या-दोन आठवड्यांत निकामी होतं. म्हणून दाणा भरायच्या आधी यंत्र सुरू करूच नका. ज्या दिवशी चीक भरला त्या दिवशी लावा, तीन-चार दिवसांनी जागा हलवा, आणि पहिले दोन दिवस यंत्र वाजलं की माणसानंही गोफणीचा नुसता कडाका काढावा. आवाजामागं खरंच कुणीतरी आहे हे पाखरांना एकदा पटलं की पुढचे बरेच दिवस यंत्र एकटं काम करतं.

उद्यमबाग_फिटर

अथणीच्या अण्णांनी बरोबर सांगितलंय. थाळीचं यंत्र कसं करायचं ते मी लिहितो, कारण नव्वद टक्के लोक ते चुकीचं बनवतात आणि मग मोटरला शिव्या देतात.

मोटर दोन प्रकारची मिळते. एक गाडीच्या वायपरची जुनी मोटर, भंगारात सहज मिळते. तिला हळू आणि जलद असे दोन वेग असतात, हळू वेग मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्यांचा. ताकद भरपूर, पण 2 ते 4 अँपिअर खाते, आणि बऱ्याच मोटरींत बॉडीच निगेटिव्ह असते. लोखंडी खांबावर बसवताना बॅटरीची पॉझिटिव्ह वायर सोललेली राहिली तर खांबाला टेकून ठिणगी पडते. दुसरी म्हणजे 12 व्होल्ट 60 आरपीएमची (मिनिटाला 60 फेऱ्यांची) जॉन्सन गिअर मोटर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. मोकळी फिरताना अँपिअरच्या आत, थाळी बडवताना दीडच्या आसपास, जाम झाली तर सात. लहान यंत्राला हीच घ्या. 100 आरपीएमच्या वरची घेऊ नका. साखळ्या थाळीला लागायच्या आधीच पुढं निघून जातात, आवाज घासल्यासारखा येतो आणि ताकदही कमी पडते.

मोटरच्या शाफ्टवर थेट बडवायचा दांडा बसवणं ही पहिली चूक. प्रत्येक ठोक्याचा धक्का गिअरच्या दातांवर जातो आणि महिन्याच्या आत दात तुटतात. 8 मिलिमीटरचा सव्वा फुटाचा सरळ दांडा घ्या, दोन लहान पिलो ब्लॉक (बोल्टनं आवळायच्या बैठकीच्या) बेअरिंगांत बसवा, आणि मोटरचा शाफ्ट नि दांडा यांच्यामध्ये रबरी जोड द्या. स्प्रे पंपाच्या जाड नळीचा दोन इंच तुकडा दोन्ही बाजूंनी क्लॅम्पनं आवळला तरी चालतो. ठोक्याचा मार बेअरिंग सोसतं, रबर धक्का गिळतं आणि गिअरला फक्त फिरवायचं काम उरतं.

दांड्याला 180 अंशांवर दोन भोकं पाडून दोन साखळ्या लावा, प्रत्येकी साधारण सहा इंच, टोकाला 12 मिलिमीटरच्या बोल्टचा नट. दोरी वापरू नका. ती भिजली की आखडते, वाळली की दांड्याला गुंडाळते. साखळीही फार लांब झाली तर गुंडाळतेच. थाळी दांड्यापासून इतक्या अंतरावर टांगा की साखळी ताणल्यावर नट थाळीच्या आत दीड-दोन इंच जाईल. त्यापेक्षा जास्त आत गेला तर नट काठात अडकतो आणि मोटर जाम होते. 60 आरपीएमला दोन साखळ्या म्हणजे सेकंदाला दोन ठोके. तेवढे बस.

थाळी बोल्टनं घट्ट आवळली की ती घुमत नाही, नुसती ठक्क-ठक्क करते. काठाला दोन भोकं पाडून तारेनं टांगा. स्टीलची जेवणाची मोठी थाळी किंवा 15 लिटर तेलाचा पत्र्याचा डबा, दोन्ही चालतात. डब्याचा आवाज खोल आणि लांब जाणारा, थाळीचा तीक्ष्ण. राघवांना थाळी जास्त लागू पडते असं बऱ्याच जणांचं मत आहे. मी दोन्ही लावायला सांगतो, म्हणजे आवाज एकसुरी राहत नाही.

मोटरवर पाच लिटरच्या कॅनचा तळ कापून टोपी घाला, पण खालची बाजू उघडी ठेवा. पूर्ण बंद केलं तर दवाचं पाणी आत साठतं आणि ब्रश गंजतात. शाफ्टवर जोड पक्का धरणारा बारीक ग्रब स्क्रू ठोक्यांनी सुटतो. शाफ्टच्या सपाट भागावर तो बसलाय का ते बघा, स्क्रूलॉकचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब टाका.

वायरिंगमध्ये बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अर्ध्या फुटाच्या आत 5 अँपिअरचा फ्यूज. वायपर मोटर असेल तर 10 चा. मोटरच्या दोन टोकांमध्ये 104 नंबरचा सिरॅमिक कॅपॅसिटर आणि उलट्या दिशेनं एक 1एन5408 डायोड. हे नसेल तर ब्रशच्या ठिणगीनं मोटर ठरावीक वेळानं चालू-बंद करणारा टायमर मध्येच रीसेट होतो आणि त्यातल्या रिलेचे, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटतात. पॉइंट चिकटले की मोटर थांबतच नाही, बॅटरी रातोरात संपते. ‘टायमर खराब आला’ म्हणून परत येणाऱ्या बहुतेक टायमरांत दोष नसतो, हा डायोड लावलेला नसतो.

दांडा, बेअरिंग, पट्टी हे सगळं बेळगावात उद्यमबागेत किंवा निपाणीकडच्या लोकांना जवळ पडतं त्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडं करून मिळतं. कामाचं साधं चित्र काढून न्या, मापं त्यावर लिहा.

काळंरान_चिकोडी

खूप उपयोगाचं सांगितलंत. म्हणजे कबूतरवालं यंत्र रद्द. आता अजून तीन शंका. ससाण्याची आकृती फिरवायला हीच 60 ची मोटर चालेल का? पाठीवरच्या फवारणी पंपाची बॅटरी आहे, ती वापरली तर? आणि पुतण्या म्हणतोय छर्‍याची एअरगन आणू, दोन-चार पाडले की बाकीचे येणार नाहीत. घरात त्यावरून वाद चाललाय.

खानापूर_भातवाला

पुतण्याला समजावा काका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या व्याख्येत शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. फास लावणं, आमिष टाकणं, विष घालणं, पकडणं हे सगळं त्यात येतं. 2022 च्या दुरुस्तीनं परिशिष्टं, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्या, बदलली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. राघू दुसऱ्या परिशिष्टात आहे, मोर पहिल्यात. हरभऱ्यात उतरलेल्या थव्यात पारव्यांबरोबर होले असतात, बांधावर मोर असतो, आणि छर्रा कुणाला लागेल ते सांगता येत नाही.

शिवाय दोन-चार पाडून काही साधत नाही. थवा तासाभरात पुन्हा उतरतो, कारण दाणा तिथंच पडलेला असतो.

विषारी दाणा तर नकोच. तो खाऊन मेलेलं पाखरू घार खाते, घुबड खातं, गावातलं कुत्रं खातं. रानातले उंदीर मारणारं घुबड गेलं की पुढच्या हंगामात शाळूच्या बुंध्याला उंदरांची बिळं मोजा.

आणि पीव्हीसी पाइपात कार्बाइड-पाणी घालून बार काढायची बंदूक अलीकडं रानातही दिसायला लागली आहे. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू होतो. बार फुटला नाही म्हणून माणूस नळीत डोकावतो आणि तेवढ्यात तो पेटतो. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कित्येक पोरांचे डोळे याच बंदुकीनं गेले. राखणीला घरातलं पोरगं बसवणार असाल तर ही वस्तू शेतावर आणूच नका.

रायबाग_सोलर

बॅटरीचं मी सांगतो. पंपाची 12 व्होल्ट 8 एएच (अँपिअर-तास) बॅटरी उत्तम, नाहीतरी ती फवारणी नसताना घरात पडून असते. फक्त ती शिशाची आहे की लिथियमची ते आधी बघा, दोन्हींचे चार्जर वेगळे.

हिशोब असा. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून 8 पैकी 4 एएच आपली धरायची. थाळीची मोटर सलग चालवली तर दीड अँपिअरनं ती अडीच तासांत संपते. म्हणूनच टायमर हवा, आणि सलग आवाजाला पाखरं लवकर सरावतात हे आहेच. सात मिनिटांच्या चक्रात एक मिनिट चालू ठेवा. सरासरी 0.21 अँपिअर पडतो. पाखरांची वेळ सकाळचे पहिले तीन तास आणि संध्याकाळचे शेवटचे तीन तास. दुपारी ती झाडावर असतात, तेव्हा यंत्र बंद. सहा तासांचे साधारण 1.3 एएच आणि टायमरचा स्वतःचा खर्च धरून दिवसाला पावणेदोनच्या आत. म्हणजे पंपाची बॅटरी दर दोन दिवसांनी घरी नेऊन चार्ज केली तरी भागतं. वायपर मोटर असेल तर रोज.

सोलर लावायचं असेल तर 20 वॅटचं पॅनेल पुरतं. कडक उन्हात ते अँपिअरभर देतं, धूळ आणि उन्हाची तिरीप धरून दिवसाला तीन-चार एएच भरतात. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, पॅनेल थेट बॅटरीला जोडलं की बॅटरी उकळते. आपल्या भागात थंडीत पॅनेल दक्षिणेकडं तोंड करून 25 ते 30 अंश कलतं ठेवा. शाळूचं ताट सात-आठ फूट होतं, पॅनेल त्याच्या सावलीत जाईल असं बसवू नका. एक ओळ सावलीत गेली तरी करंट निम्म्याच्या खाली येतो. हेस्कॉमच्या (आपल्या वीज कंपनीच्या) थ्री फेजवर हे चालवायच्या भानगडीत पडू नका. ती ठरावीक तास असते, आणि 230 व्होल्टची वायर ओल्या रानातून नेणं म्हणजे जिवाशी खेळ.

वायर जाड घ्या. बॅटरी बांधावर आणि मोटर 20 मीटर आत असेल तर जाऊन-येऊन 40 मीटर तांबं होतं. 1.5 स्क्वेअर मिमीच्या वायरला अर्धा ओहम, म्हणजे 2 अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच जातो. 0.75 ची घेतली तर दोन व्होल्ट, मोटरला जेमतेम दहा पोचतात, ती जागीच गुरगुरते आणि लोक मोटर बदलत बसतात. जमलं तर बॅटरी मोटरच्या बुंध्याशीच ठेवा, जमिनीपासून फूटभर वर. मुंग्या आणि उंदीर दोघांनाही वायरचं प्लास्टिक आवडतं.

मल्टिमीटर असू द्या. मोटर बंद करून तासाभरानं बॅटरी 12.2 दाखवायला लागली की घरी न्या. हंगाम संपल्यावर तशीच रिकामी कोपऱ्यात ठेवली तर पुढच्या वर्षी ती उठत नाही, महिन्यातून एकदा भरून ठेवावी लागते.

अजून एक. दीड एकराला दोन थाळी-यंत्रं लावा आणि चक्रं वेगळी ठेवा, एकाचं 7 मिनिटांचं, दुसऱ्याचं 11 चं. दोन्ही एकदम वाजायची वेळ 77 मिनिटांनी येते, मधल्या काळात आवाज कधी इकडून कधी तिकडून, अंतरही सारखं नाही. पाखरांना त्यात लय सापडत नाही. एका महागड्या यंत्रापेक्षा अशी दोन साधी कधीही जास्त काम करतात.

येळ्ळूर_शिवार

ससाण्याच्या आकृतीबद्दल माझं मत अथणीच्या अण्णांपेक्षा थोडं वेगळं आहे. मोटरवर फिरणारा ससाणा दोन दिवस काम करतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या खांबावर साळुंकी बसलेली असते. ससाणा गोल-गोल एका उंचीवर फिरत नाही, हे पाखरांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्यापेक्षा लवचीक उंच काठीला दोरीनं बांधलेला ससाण्याच्या आकाराचा पतंग बरा. वारा असला की तो झेपावतो, गिरकी घेतो, काही सारखं करत नाही. वारा पडला की मात्र तो लटकतो, आणि आपल्याकडं थंडीत सकाळी वारा पडलेलाच असतो, नेमकी राघवांची वेळ. म्हणून सकाळी मोटर, दुपारनंतर पतंग, अशी जोडी लावावी लागते.

मोटरवरच फिरवायचं असेल तर 60 आरपीएम चालणार नाही, पंख्यासारखं दिसतं. 10 ची घ्या. दांडी एका बाजूला चार फूट, दुसऱ्या बाजूला तीन, लहान बाजूला वजन बांधून तोल साधा. वाऱ्याचा झोत आला की मोठ्या आकृतीवर इतका दाब येतो की गिअर तुटतो. म्हणून दांडी शाफ्टवर पक्की आवळू नका. वर-खाली नायलॉनचे वॉशर, एक स्प्रिंग आणि नायलॉक नट, एवढंच. झोत आला की दांडी घसरते, गिअर वाचतो. नट इतकाच आवळा की हातानं दांडी अडवली तर मोटर फिरत राहील. शाळूत खांब बारा फुटांचा लागेल, नाहीतर आकृती ताटात लपते.

हरभऱ्याला मी यंत्राआधी पेरणी सुधारायला सांगेन. पारवा जमीन खोल उकरत नाही, वर दिसणारा आणि भेगेतला दाणा टिपतो. काळ्या रानात ओल धरून बी दोन ते तीन इंच खोल पडलं पाहिजे. कुरीचा फण उथळ चालला की प्रत्येक ओळीत दाणा उघडा राहतो. पेरून लगेच फळी मारा. धुऱ्यावर, कुरी वळवायच्या जागी सांडलेलं बी हातानं गोळा करा. थवा पहिल्यांदा तिथंच उतरतो आणि मग ओळीत शिरतो. आमच्याकडं भात काढल्यावर मसूर, वाटाणा टाकतात, त्यातही नुकसान सगळं कडेच्या पाच-सात ओळींत दिसतं. शेजाऱ्यांनी सगळ्यांनी एकाच आठवड्यात पेरलं तर थवा विभागतो. एकटाच आधी पेरणारा सगळ्या शिवारातल्या पारव्यांना जेवू घालतो.

चमकी पट्टीही विसरू नका, लाल-चंदेरी मिळते. पिकाच्या फूटभर वर, काठ्यांमध्ये तीन-चार पीळ देऊन बांधा. पीळ दिला की वाऱ्यात गुणगुणते आणि उन्हात लखलखते, सपाट बांधली की नुसती लटकते. ओळींत तीन ते पाच मीटर अंतर. उगवण झाली की काढून गुंडाळून ठेवा. रानात सोडली तर तिचे तुकडे होतात आणि जनावरांच्या चाऱ्यात जातात.

राखणदार_अथणी

येळ्ळूरच्या दादांचं पतंगाचं म्हणणं मान्य, सकाळी वारा नसतो ही अडचणही खरी. मी ससाण्यापेक्षा त्या दांडीवर पट्टीच लावायला सांगेन, हरभऱ्यासाठी तर नक्कीच.

जागा निवडायचं राहिलं. पाखरू वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. आपल्याकडं रब्बीत बहुधा पूर्वेचा वारा, म्हणजे थवा पश्चिमेकडून खाली येतो. एक दिवस काहीही न लावता बांधावर बसून बघा, थवा विहिरीतून निघून कुठल्या बाजूनं वळतो आणि कुठल्या कोपऱ्यात टेकतो. यंत्र त्या कोपऱ्याच्या पुढं, थव्याच्या तोंडासमोर हवं. रानाच्या मधोमध लावलं तर पाखरं आधी उतरतात, मग दचकून पन्नास फूट सरकतात आणि पुन्हा खातात. राघवांसाठी त्यांच्या बसायच्या झाडाकडची कड धरा, बाभूळ असो की नीलगिरी. विजेच्या तारेवर ते रांगेनं बसतात, तिकडची बाजूही.

विहिरीवर जाळी टाकायची असेल तर आत पिल्लं नाहीत ना ते बघून, सगळे पारवे बाहेर गेल्यावरच टाका. वर्षातले बरेच महिने घरट्यात पिल्लं असतात, म्हणून घाई नको.

सूर्यफुलाला पुढच्या वेळी दाणा भरल्यावर तोंड खाली झुकवणारं वाण निवडा. राघवाला वरून बसून खाता येत नाही, त्रास बराच कमी होतो. आणि बैल बांधायची जागा थाळीपासून लांब ठेवा. अचानक आवाजानं बुजतात.

काळंरान_चिकोडी

ठरलं मग. हरभऱ्याला 10 आरपीएमची मोटर, दांडीला पट्टी, तीन फुटांवर, आणि कडेनं चमकी. शाळूला दोन थाळी-यंत्रं, 7 आणि 11 मिनिटांची, पंपाची बॅटरी एकाला आणि नवी एक दुसऱ्याला. सूर्यफुलाला शाळूतलंच एक यंत्र आलटून-पालटून हलवीन. एअरगनचा विषय घरात बंद केला. टायमर कुठला मागू दुकानात?

उद्यमबाग_फिटर

दोन वस्तू मागा. एक 12 व्होल्ट डीसीचा डिजिटल टायम स्विच, ज्यात दिवसातल्या वेळा भरता येतात. तो सकाळ-संध्याकाळचे तीन-तीन तास सांभाळेल. त्याच्या पुढं सायकल टायमर, चालू आणि बंद वेळ वेगवेगळी ठरवता येणारा. दुकानदार 230 व्होल्टचा हातात देईल, मागची पट्टी वाचूनच घ्या. रिले 10 अँपिअरचा असावा.

जोडणी झाल्यावर शेतात न्यायच्या आधी घरी एकदा मोटरच्या वायरमध्ये मीटर घालून दहा मिनिटं चालवा. मीटर 10 अँपिअरच्या भोकात जोडा, लहान भोकात घातलं तर आतला फ्यूज जातो. करंट दीडच्या आसपास हलत राहिला तर सगळं ठीक. प्रत्येक फेरीला मध्येच तीन-चारवर उडी मारत असेल तर नट थाळीच्या काठाला अडकतोय, थाळी अर्धा इंच मागं घ्या. उडी नाही पण करंट सलग जास्तच आहे, तर दोन बेअरिंग एका रेषेत नाहीत. पिलो ब्लॉकचे बोल्ट ढिले करा, दांडा हातानं हलका फिरेपर्यंत सरकवा आणि मग आवळा.